हात लागला तिथे पाहा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मोटारसायकल सर्व्हिसिंग करून आणली की आपण निर्धास्त होतो. मीही तसाच एका संध्याकाळी एरंडोलहून पारोळ्याकडे निघालो. गाव मागे पडले, गाडी एका खड्ड्यात आदळली आणि इंजिन बंद! बटन दाबले, तर दिवा नाही, हॉर्न नाही. मागून ट्रक येत होते. सुरत-नागपूर महामार्गावर अंधारात उभी असलेली दुचाकी कोणाला दिसणार? मी ती ढकलत रस्त्याच्या खाली घेतली.

एक शेतकरी थांबले. "काय व्हयनं भाऊ?" म्हणाले. बॅटरीवर टॉर्च धरला. तिच्या टर्मिनलवरची वायर बोटाने हलत होती. स्क्रू आवळला आणि गाडी सुरू झाली.

यातला धडा सोपा आहे. काल ठीक असलेली वीज सर्व्हिसिंगनंतर बिघडली, तर नवा भाग घेण्याआधी कोठे कोठे हात लागला होता ते आठवा. सीट, बाजूची झाकणे, टाकी, प्लग आणि पुढचा दिवा या जागा बहुधा उघडलेल्या असतात.

सगळेच बंद असेल तर बॅटरीची टर्मिनले आणि मुख्य फ्यूज पाहा. दिवे लागतात पण इंजिन सुरू होत नसेल, तर हँडलवरचे लाल बटन चुकून दाबले गेले आहे का, प्लगची टोपी नीट बसली आहे का, ते पाहा. हँडल वळवताना दिवे लुकलुकत असतील तर तिथली वायर चेपली गेली असावी. धुतल्यानंतरच त्रास सुरू झाला असेल तर जोडण्यांत पाणी शिरलेले असते. त्या सोडवून पुसा आणि वाळू द्या. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. तो लागला नाही, तर बल्ब आणि त्यामागची जोडणी तपासा.

मल्टिमीटर असल्यास बंद गाडीच्या चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिनाचा वेग थोडा वाढवल्यावर ते १४च्या आसपास जायला हवेत. आकडा वाढलाच नाही, तर चार्जिंगमध्ये दोष आहे. तो मेकॅनिककडेच दाखवावा. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा पेटून राहिला, तर वायरी चाचपत बसू नये.

दोन गोष्टी मात्र जपा. बॅटरी काढताना आधी ऋण टोक सोडवा, लावताना ते शेवटी लावा. म्हणजे पाना चेसीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी कधीही घालू नका. वायर वाचावी म्हणून फ्यूज वितळतो. तो वितळला नाही तर वायर तापते, आणि तिच्या वर पेट्रोलची टाकी असते. नवा फ्यूज तितक्याच अँपियरचा हवा. पुन्हा उडाला, तर वायर कुठे सोलली आहे ते शोधा.

यापुढे गाडी ताब्यात घेताना पैसे देण्याआधी दिवा, हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा लावून पाहा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. पाच मिनिटांचे काम आहे. महामार्गावरच्या अंधारात तेच फार जड जाते.