कोण होते विल्यम स्टिल? पळून आलेल्या शेकडो गुलामांची नोंद ठेवणारा फिलाडेल्फियाचा कारकून

अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी लढ्याचा विषय निघाला की हॅरिएट टबमन यांचं नाव पुढे येतं. जिवावर उदार होऊन त्या माणसांना सोडवून आणत. पण ही माणसं फिलाडेल्फियाला पोहोचली की त्यांना उतरवून घेणारा, पुढची सोय करणारा आणि त्यांची हकिगत लिहून ठेवणारा माणूस वेगळा होता. त्याचं नाव विल्यम स्टिल.

‘भूमिगत रेल्वे’ म्हणजे काय?

नावावर जाऊ नका. यात ना रूळ होते, ना इंजिन. दक्षिणेतल्या राज्यांतून पळालेल्या गुलामांना उत्तरेकडे, पुढे कॅनडापर्यंत पोहोचवणारं हे गुप्त जाळं होतं. लपायची घरं म्हणजे ‘स्टेशन’, वाट दाखवणारे ‘कंडक्टर’. १८५० च्या कायद्यानंतर पळालेल्याला आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकत होता.

स्टिल यांचा जन्म १८२१ चा, न्यू जर्सीतला. अठरा भावंडांत ते सगळ्यांत धाकटे. वडिलांनी पैसे भरून स्वतःची सुटका करून घेतली होती. आई मात्र मेरीलँडमधून पळून आली होती. पहिल्यांदा ती चार मुलांसह पकडली गेली. दुसऱ्यांदा निघताना तिला दोन मुलगे मागे ठेवावे लागले, लेविन आणि पीटर. मालकाने त्यांना दूर दक्षिणेत विकून टाकलं.

१८४७ मध्ये स्टिल फिलाडेल्फियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेत कारकून म्हणून लागले. १८५० च्या ऑगस्टमध्ये पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस त्यांच्या टेबलासमोर आला. स्वतःची किंमत मोजून तो अलाबामातून सुटला होता आणि घरच्यांचा शोध घेत होता. आईवडिलांची नावं त्याने सांगितली आणि स्टिल थबकले. ती त्यांच्याच आईवडिलांची नावं होती. समोर पीटर बसला होता, चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी मागे राहिलेला भाऊ. लेविन अलाबामातच मरण पावला होता.

नावं नीट लिहिलेली असतील तरच ताटातूट झालेली माणसं एकमेकांना सापडतील, हे या भेटीने स्टिल यांना पक्कं समजलं. मग ते प्रत्येकाला विचारून लिहीत गेले: नाव, वय, मालक कोण, का पळालात, मागे कोण राहिलं, आता नवं नाव काय घेणार? आजच्या भाषेत सांगायचं तर तो डेटाबेसच होता, पण चुकीच्या हाती पडला असता तर शेकडो जणांना पुन्हा साखळदंडात टाकणारा. म्हणून पुढे स्टिल यांनी ही कागदपत्रं दडवून ठेवली.

सुमारे आठशे जणांच्या सुटकेला त्यांनी हातभार लावला, असं मानलं जातं. लाकडी पेटीत स्वतःला बंद करून पार्सल म्हणून आलेला हेन्री ब्राउन बाहेर निघाला, तेव्हाही ते तिथे हजर होते.

गुलामगिरी संपल्यावर, १८७२ मध्ये त्यांनी या नोंदींचं पुस्तक काढलं. पुढच्याच वर्षी इकडे महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं.

स्टिल यांचं १९०२ मध्ये निधन झालं. १८५२ ते १८५७ या काळातली त्यांची एक नोंदवही फिलाडेल्फियात जपून ठेवलेली आहे. तिची पानं आता ऑनलाइनही पाहता येतात.