शृंगारकथा लिहायला बसताना

शृंगारकथा लिहावीशी वाटते, पण पहिल्याच पानावर हात अडतो, असं आपलं होत असेल तर संकोच करू नये. सोलापूरच्या मातीला हे लेखन नवं नाही. अठराव्या शतकात इथल्या वैदिक घराण्यातले राम जोशी घरच्यांचा विरोध पत्करून तमाशात शिरले आणि त्यांच्या शृंगारिक लावण्या महाराष्ट्रभर गाजल्या.

लिहिण्याआधी वाचावं. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ अनुवादातून सहज मिळते. माहाराष्ट्री प्राकृतातल्या या छोट्या कविता, आणि त्यांतल्या कितीतरी बाईच्या तोंडच्या. उघडं वर्णन थोडं, सुचवणं फार. एका कटाक्षात किती मावतं, ते तिथे कळतं.

मग माणसं ठरवावीत. दोघं काय काम करतात, घरात आणखी कोण आहे, एकमेकांशी कशावरून भांडतात, हे आधी लिहून काढावं. दोघंही सज्ञान असावीत; अठराच्या आतलं पात्र शृंगारात आणायचंच नाही. नवा लेखक बहुधा इथेच घाई करतो. नाक-डोळे आणि बांधा यांची यादी देतो, आणि ती व्यक्ती मात्र वाचकाला भेटतच नाही.

यानंतर अडचण शोधावी. आपल्या रसशास्त्रात शृंगाराचे दोन भाग सांगितलेत: संभोग म्हणजे मीलन आणि विप्रलंभ म्हणजे ताटातूट. पहिल्या कथा बहुतेक इथेच फसतात, कारण त्या थेट मीलनावर उडी घेतात. ओढ वाढायला आडकाठी लागते.

ती लांबून आणायला नको. शुक्रवार पेठेतलं एखादं जुनं घर घ्या. दोन खोल्या, सासू-सासरे, दीर, उन्हाळ्यात सगळे माळवदावर झोपलेले. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तेही मध्यरात्री. घरात जागं कोण, तर पाणी भरणारी दोघं. ती कळशी त्याच्या हातात देते आणि लगेच सोडत नाही. ओला काठ, दोघांची बोटं, वर कुणीतरी खोकतं. पिंप भरलेलं असतं, तरी तो नळ बंद करत नाही. इथे एकाही अवयवाचं नाव घ्यावं लागलं नाही. भोवतालच्या ज्या गोष्टी ओढ वाढवतात त्यांना शास्त्रात उद्दीपन म्हणतात. जुन्या कवींनी चांदणं आणि कोकिळा घेतली. आपल्याला नळाचं पाणीही चालेल.

पुढे जवळिकीचा प्रसंग येतो आणि शब्दांची पंचाईत होते. एकीकडे डॉक्टरी संस्कृत, दुसरीकडे शिवी. दोन्हींमुळे वाचक कथेबाहेर फेकला जातो. ही दोघं घरात जशी बोलतात तशीच तेव्हाही बोलू द्यावीत. सोलापुरी बोलीत कानडी-तेलुगूचा वास असेल तर तो ठेवावा. ‘अंगात वीज सळसळली’ छापाची वाक्यं मात्र निर्दयपणे खोडावीत.

दोघांची राजीखुशी कृतीतून दिसायला हवी. ‘नाही’ म्हणणारीला मनातून हवंच असतं, ही समजूत आपल्या सिनेमांनी आणि स्वस्त कादंबऱ्यांनी फार पोसली. ती खोटी आहे आणि घातकही. तिला काय हवं, हे तिच्याच बाजूनं एकदा लिहून बघावं. पुरुष लेखकानं तर बघावंच.

कायद्याची माहितीही असू द्यावी. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं, पण मध्ये कितीतरी वर्षं गेली. आज छापील मजकुराला भारतीय न्याय संहितेचं २९४वं कलम लागतं, इंटरनेटवरच्या मजकुराला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७वं. साहित्य-कलेच्या हितासाठी केलेल्या लेखनाला या कायद्यांत सूट आहे, तरी छापण्याआधी जाणत्या वकिलाला विचारलेलं बरं. गल्लीतल्या ओळखीच्या माणसाला नाव बदलून कथेत घालू नये. पेठेत तो ओळखू येतोच, आणि त्रास त्याच्या घरच्यांना होतो.

टोपणनावानं लिहिण्यात काही कमीपणा नाही. खर्डा आठवडाभर बाजूला ठेवावा, मग मोठ्यानं वाचावा. वाचताना जिथे आपल्यालाच घाई होते, तिथला मजकूर कापावा. दिवाळी अंकाला द्यायची असेल तर कथा पावसाळ्यातच पाठवावी, आणि ती कशा प्रकारची आहे हे सोबतच्या पत्रात संपादकांना स्पष्ट कळवावं.