तिकडची पदवी, इकडची पाटी

बारावीचा निकाल लागला की आमच्या गावातही एजंट फिरू लागतात. ‘डोनेशनपेक्षा बांगलादेश स्वस्त, मान्यताप्राप्त कॉलेज’ असं म्हणत घरात येऊन बसतात. मैत्रिणींनो, पैसे भरण्याआधी एक समजून घ्या. तिथून एमबीबीएस झालं तरी इथे लगेच दवाखान्याची पाटी लावता येत नाही. 2002 पासून त्यासाठी एफएमजीई ही परीक्षा आहे. गुण 300, पास व्हायला 150. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तरी निम्म्याहून जास्त मुलं बहुतेक वेळा नापास होतात!

जाण्याआधी ‘नीट’ पास असावंच लागतं. नोव्हेंबर 2021 च्या नियमानुसार किमान 54 महिन्यांचं शिक्षण, तेही इंग्रजीतून, मग तिथेच वर्षभर इंटर्नशिप आणि भारतात आणखी एक वर्ष. बांगलादेशात शिक्षणच पाच वर्षांचं. म्हणजे झाली सात वर्षं, परीक्षेत गेलेला वेळ वेगळाच. शेजारच्या काकू लेकीसाठी जमीन विकायला निघाल्या होत्या. मी हा हिशेब सांगितला, तर सासूबाईंना आधी तिच्या लग्नाचं वय आठवलं!

मला काळजी वाटते ती वेगळीच. राष्ट्रीय वैद्यक आयोग परदेशी कॉलेजांची ‘मान्यताप्राप्त’ यादी काढतच नाही. मग एजंट दाखवतो तो कागद कोणाचा, हे विचारा. आणि जुलै 2024 मध्ये तिथे दंगली उसळल्या, तेव्हा हजारो भारतीय मुलं शिक्षण अर्धवट सोडून घरी परतली होती. तसं झालं तर फीचं काय, तेही लेखी मागा.