शाळकरी मुलांची इंग्रजी नाट्यस्पर्धा

कामगारांच्या संघटनेने शाळकरी मुलांसाठी इंग्रजी नाटकांची स्पर्धा भरवावी, हे आमच्या सभासदांना प्रथम विचित्र वाटले. ‘‘बोनसचे राहिले बाजूला, आणि हे कसले साहेबी खूळ?’’ असे एका गेट मीटिंगमध्ये आम्हांला तोंडावर विचारण्यात आले. प्रश्न रास्त होता. तेव्हा स्पर्धा कशी चालवावी हे सांगण्याआधी ती का चालवावी, हे सांगणे भाग आहे.

आमची वस्ती पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांभोवतालची. येथे कामगाराच्या हाती पडणारे चार्जशीट पुष्कळदा इंग्रजीत असते. विशीत असताना आम्हीही असेच एक चार्जशीट सही करून घेतले. वाचून दाखवणारा शेजारी रात्रपाळीला होता; त्याची गाठ पडेपर्यंत उत्तराची मुदत संपून गेली होती. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने कामाचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, असे दोन्ही भाषांत लावण्याचे बंधन मालकावर घातले होते. भाषा ज्याच्या हाती, त्याची बाजू अर्धी जिंकलेली, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते असे दिसते.

आता आमच्या मुलांचे पाहा. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. स्पेलिंग पाठ असते, व्याकरणाचे गुणही मिळतात. परंतु समोर कोणी इंग्रजीत दोन वाक्ये बोलला की मूल खाली मान घालते. भीती इंग्रजीची नसते, हसे होण्याची असते. नाटकात ही भीती पुष्कळ कमी होते, याचे कारण साधे आहे. तेथे वाक्य आपले नसते, पात्राचे असते. तेच वाक्य तालमीत पन्नास वेळा म्हणावे लागते. आणि ते भिंतीकडे पाहून म्हणायचे नसते; कोणाला तरी, काहीतरी मिळवण्यासाठी म्हणायचे असते. भाषा जिभेवर बसते ती अशीच.

इंग्रजी नाटक आपल्याला परकेही नाही. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिले. देवलांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ उभा केला. आमचे मागणे याहून लहान आहे. कामगाराच्या मुलाने त्या भाषेत अर्धा तास न डगमगता उभे राहावे, एवढेच.

पहिल्या वर्षी आम्ही स्पर्धा भरवली आणि सपशेल चुकलो. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता. नियम आम्हीच केले होते. शंभरांपैकी तीस गुण उच्चारांना आणि वीस गुण वेशभूषा-नेपथ्याला, असा तक्ता कोठून तरी उतरवून घेतला होता. निकाल काय लागला असेल, ते सांगायला नको. बाहेरून पगारी दिग्दर्शक आणणाऱ्या शाळांनी सर्व बक्षिसे नेली. एका मराठी माध्यमाच्या शाळेतली नववीची मुलगी एका शब्दावर अडखळली, तेव्हा पुढच्या रांगांतून हसण्याची लाट आली. ती मुलगी तेथेच थांबली, आणि पुढच्या वर्षी ती शाळा आली नाही. जी भीती घालवण्यासाठी स्पर्धा मांडली, तीच आम्ही पक्की करून परत पाठवली. करारात एक कलम चुकले की त्याची किंमत तीन वर्षे मोजावी लागते, हे आम्ही आयुष्यभर इतरांना सांगत आलो. येथे मात्र स्वतःच विसरलो. म्हणून पुढील प्रत्येक नियमामागचा हिशेब येथे देत आहोत.

पहिली गोष्ट उच्चारांची. इंग्रजीत शब्दातल्या एका अवयवावर जोर पडतो आणि त्यावर अर्थ अवलंबून असतो. ‘रेकॉर्ड’ या शब्दात पहिल्या अवयवावर जोर दिला तर ते नाम होते, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. मराठीत आपण सर्व अक्षरे जवळजवळ सारख्या वजनाने बोलतो; म्हणून आपल्या मुलांचे इंग्रजी पुष्कळदा सपाट ऐकू येते. जोर कोठे द्यावा आणि कोठे थांबावे, हे शिकवता येते आणि शिकवलेच पाहिजे, कारण त्यावाचून अर्थ पोहोचत नाही. परंतु ‘व’चा उच्चार ओठ गोल करून झाला की दातांनी झाला, याने अर्थ क्वचितच बिघडतो. ते साहेबाचे अनुकरण झाले, भाषा नव्हे. म्हणून आता उच्चार हे सदरच ठेवलेले नाही. त्याऐवजी ‘शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येणे आणि समजणे’ यास तीस गुण, अभिनयास तीस, एकमेकांना सांभाळून केलेल्या कामास वीस आणि रंगमंचाच्या वापरास वीस. वेशभूषेला शून्य.

दुसरी गोष्ट पैशाची. सर्व संघांना सामान सारखेच मिळते: दोन टेबले, चार खुर्च्या, एक बाक, एक खाट आणि एकच साधा उजेड. यापलीकडे आणायचे ते हातात मावेल इतकेच. प्रवेश फी नाही. दिग्दर्शन त्या शाळेच्या शिक्षकाने किंवा विद्यार्थ्यानेच करायचे. प्रयोग चालू असताना पडद्यामागे मोठे माणूस फक्त एक, आणि तेही अपघात होऊ नये म्हणून. सामान हलवणे, पडदा ओढणे, विसरलेले वाक्य सुचवणे ही कामे मुलांचीच.

तिसरी गोष्ट नाटकाच्या निवडीची. येथे कायदा पाहावा लागतो. लेखकाच्या मृत्यूनंतर आपल्याकडे साठ वर्षे हक्क राहतो. शाळेने आपल्या विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यापुरता प्रयोग केला तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. परंतु स्पर्धा सर्वांना खुली केली की त्या सवलतीवर विसंबू नये. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचा हक्क निराळा. म्हणून शाळांनी एकतर जुनी नाटके घ्यावीत, नाहीतर लेखी परवानगी आणावी, किंवा स्वतः लिहावीत.

जुन्यांपैकी दोन आम्ही आवर्जून सुचवतो. लेडी ग्रेगरी यांचे ‘द रायझिंग ऑफ द मून’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. पात्रे चार, बंदराच्या धक्क्यावर पहारा करणारा सार्जंट आणि पळालेला राजकीय कैदी यांची गाठ. पकडून देणाऱ्यास शंभर पौंडांचे बक्षीस आहे, आणि सार्जंटाला नोकरी व देश यांतून निवड करायची आहे. नेपथ्याला मुख्यतः एक पिंप लागते. आमच्या औद्योगिक वसाहतीत पिंपांना तोटा नाही. दुसरे सिंग यांचे ‘रायडर्स टू द सी’, १९०४ सालचे. समुद्राने एकामागून एक मुलगे नेलेली म्हातारी आई त्यात आहे. कोकणातून आलेल्या घरांतल्या मुलांना ती समजावून सांगावी लागत नाही. या दोन्ही नाटकांचे इंग्रजी लंडनच्या दिवाणखान्यातले नाही; आयर्लंडच्या कष्टकऱ्यांच्या बोलीच्या वळणाचे आहे. इंग्रजी एकाच तऱ्हेने बोलतात, हा मुलांचा समज तेथेच सुटतो.

चौथी गोष्ट वेळेची. प्रयोग तीस मिनिटांचा, मांडणीस पाच, आवरण्यास पाच. म्हणजे एका संघास चाळीस मिनिटे. सकाळी नऊ ते सायंकाळी सहा, मध्ये जेवणाचा एक तास, म्हणजे आठ तासांत हिशेबाने बारा प्रयोग बसतात. आम्ही दहाच घेतो. उरलेली ऐंशी मिनिटे उशीर, वीज जाणे आणि बक्षीस समारंभ यांत कशी जातात ते कळतही नाही. मांडणीच्या पाच मिनिटांत त्याच संघातला एक विद्यार्थी पडद्यापुढे येऊन नाटकाची गोष्ट मराठीत सांगतो. हा नियम पालकांसाठी. पाळी बदलून आलेल्या बापाला आपली मुलगी काय बोलते आहे हे कळलेच नाही, तर त्याला बोलावून उपयोग काय?

नियमपत्रिका जूनमध्ये शाळा उघडताच पाठवावी आणि स्पर्धा दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच घ्यावी. त्यापुढे स्नेहसंमेलने आणि दहावीची परीक्षा यांची घाई सुरू होते. तालमी शाळेच्या वेळेतच, आठवड्यातून तीन दिवस, एकेक तास. अंधार पडल्यावर तालीम ठेवली की प्रथम मुली गळतात. आणि त्या गळल्या की कोणी कारणही विचारत नाही.

शेवटी परीक्षक. ते तीन असावेत: एक रंगभूमीवर काम केलेला, एक इंग्रजीचा शिक्षक, आणि एक असा श्रोता की ज्याचे इंग्रजी बेताचेच आहे. या तिसऱ्यावर पुष्कळ आक्षेप आले. पण वाक्य पोहोचले की नाही, हे त्याच्याइतके खरे कोणी सांगू शकत नाही. इतर दोघे न ऐकलेला शब्दही अंदाजाने भरून काढतात. ज्याचा पाल्य किंवा शिष्य स्पर्धेत आहे, त्याने परीक्षक होऊ नये. तिघांनी आपापले गुण प्रयोग संपताच, आपसांत न बोलता लिहून द्यावेत. गुणपत्रक प्रत्येक संघाला दाखवावे, आणि सोबत काय जमले व काय सुधारावे हे चार ओळींत लिहून द्यावे. हरलेल्याला कारण कळले पाहिजे. कारण न सांगता दिलेली शिक्षा आम्ही कारखान्यात मानत नाही, मग मुलांना ती का द्यावी?

मराठी माध्यमाच्या शाळांना वेगळी बक्षिसे ठेवा, असे अनेकांनी सुचवले. आम्ही ते नाकारले. वेगळे ताट वाढले की पंगत वेगळी होते. नियम सरळ असतील तर त्याची गरज पडत नाही, आणि नियम वाकडे असतील तर वेगळे बक्षीस देऊन ते सरळ होत नाहीत.

असो. दरवर्षी स्पर्धा संपल्यावर आम्ही वहीत विजेत्यांची नावे लिहितो, आणि त्याखाली आणखी एक यादी करतो: गेल्या वर्षी हरलेल्यांपैकी कोणत्या शाळा या वर्षी परत आल्या. पहिल्या वर्षीच्या पानावर ही दुसरी यादी कोरी राहिली. ते पान आम्ही फाडलेले नाही. नवे नियम करायला बसलो की तेच आधी उघडतो.