पोटातलं रसायन, मनातली घबराहट

घरात कुणाची अचानक छाती धडधडली, हातपाय थंड पडले, श्वास अडकल्यासारखा झाला, की आपण लगेच म्हणतो, ‘वहम आहे, मन घट्ट कर.’ परीक्षेच्या दिवसांत मुलींना तर हे हमखास ऐकावं लागतं. पण मन आणि शरीर असे वेगवेगळ्या खोल्यांत राहत नाहीत.

कोलेसिस्टोकायनिन हे एक पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. १९२८ मध्ये आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी ते आतड्यात शोधलं. तेलातुपाचं जेवण लहान आतड्यात उतरलं की ते रक्तात मिसळतं, पित्ताशय आवळतं आणि व्हेगस नावाच्या नसेमार्फत मेंदूला कळवतं, बस झालं! या निरोपाला वेळ लागतो. इफ्तारला भजी भराभर खाल्ली तर तोवर पोट तुडुंब झालेलं असतं.

पुढे हेच पेप्टाइड मेंदूतही सापडलं. पोटात हार्मोन, मेंदूत पेशीपेशींमधला निरोप्या. त्याचा फक्त चार अमिनो आम्लांचा तुकडा शिरेतून टोचला, तर निरोगी माणसालाही काही मिनिटं जबर घबराहट होऊ शकते, असं प्रयोगांत दिसलं. पॅनिकच्या रुग्णांना त्याहून कमी मात्रा पुरते.

प्रत्येक घबराहटीचं कारण हेच, असं नव्हे. तरी ‘ईमान कमजोर आहे’ हा ठपका आम्हाला पटत नाही. दुआ जरूर करावी, सोबत डॉक्टरांनाही दाखवावं. आधी हृदय तपासून घ्यावं, आणि त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं.