केबल कुणाकडे, छत्री कुणाकडे? टीव्हीची वायर खिसा बघूनच घरात येते

कासार आंबोली (ता. मुळशी) : पुण्याहून पौड रस्त्याने पिरंगुट मागे टाकलं की पुढे कासार आंबोली लागतं. (सिंधुदुर्गातली आंबोली वेगळी. पाहुण्यांना फोनवर पत्ता सांगताना हे दरवेळी सांगावं लागतं.) इथं गाडी जरा बाजूला घ्या आणि घरांच्या डोक्याकडे बघा. रस्त्यालगतच्या स्लॅबच्या घरांवर खांबावरून आलेली काळी वायर दिसेल. आतल्या बाजूला, वाडीवस्तीवर पत्र्याच्या घरावर छत्री दिसेल. कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या चाळीवर बऱ्याचदा दोन्ही नसतं. आणि नव्या बंगल्यावर छत्री असली तरी ती गंजलेली, कारण आत वायफाय आलेला असतो.

म्हणजे कुणाच्या घरात किती पैसा येतो आणि तो कसा येतो, याचा अंदाज नुसत्या छपरावरून बांधता येतो. गेल्या महिन्यात एका वाचकाने विचारलं होतं, "केबल ठेवू का काढू?" त्याचं उत्तर शोधताना लक्षात आलं, की ही गोष्ट नुसत्या पॅकेजच्या दराची नाही.

ओटीवरचा टीव्ही

जरा मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून ते पुणे भागात दिसायला लागलं. पण दिसतं म्हणून टीव्ही घेणारी घरं गावात किती? मला आठवतो तो काळ १९८८ नंतरचा, महाभारत लागायचं तेव्हाचा. आमच्याकडे दोन-तीन घरांत टीव्ही. रविवारी सकाळी त्यातल्या एका मोठ्या घराच्या ओटीवर आम्ही पोरं जाऊन बसायचो. घरचे लोक कॉटवर, भावकीतले सतरंजीवर, आम्ही जमिनीवर. आणि खालच्या वस्तीतली पोरं बाहेर, खिडकीच्या गजाला धरून उभी. त्यांना कुणी "या आत" म्हणत नव्हतं आणि ती विचारतही नव्हती. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं.

पुढे त्याच वस्तीतल्या एकाने कंपनीत कायम झाल्यावर पहिल्या बोनसमधून रंगीत टीव्ही आणला. फ्रिज नाही, गाडी नाही, आधी टीव्ही. त्याला कारण ती खिडकी होती, असं त्यानेच मला नंतर सांगितलं.

हे आपल्याकडेच घडलं असं नाही. कर्क जॉन्सन नावाच्या अभ्यासकाने पाचगणीजवळच्या दानवली आणि राजपुरी या गावांत राहून टीव्हीने खेड्यातली नाती कशी बदलतात यावर २००० साली पुस्तक काढलं. सातारा जिल्ह्यातली ती डोंगरातली गावं. आपल्या मुळशीसारखीच.

केबल आली, पण दर माणूस बघून

खासगी वाहिन्या १९९१ नंतर आल्या. झी टीव्ही २ ऑक्टोबर १९९२ ला सुरू झाला. गावोगाव कुणी तरी हुशार पोरगा मोठी छत्री बसवायचा आणि झाडावरून, खांबावरून वायरी ओढायचा. सरकारने केबलचा कायदा केला १९९५ मध्ये. त्यात केबलचालकाने पोस्टात नोंदणी करायची आणि दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवायच्याच, असं ठरलं. करमणूक कर तहसील कचेरीत भरायचा.

आता खरी गंमत. तेव्हा वायर साधी होती. पेटी नव्हती, कार्ड नव्हतं. कुणाकडे कनेक्शन आहे हे फक्त केबलवाल्याच्या वहीत. त्यामुळे दर ठरायचा माणूस बघून. गावातलं वजनदार घर, पुढारी, पोलीस पाटलाचा वाडा, जिथून वायर न्यायची त्या जागेचा मालक, यांच्याकडे पैसे मागायला केबलवाला कचरायचा. महिना सरला तरी "बघू पुढच्या वेळी". आणि ज्याची वट नाही, त्याच्याकडे पाच तारखेला पोरगा दारात उभा. दोन महिने थकले की वायर कट.

दुसरीही बाजू होती. हाच केबलवाला गावातला असल्याने त्याला माहीत असायचं, की अमक्याचा भात अजून विकला गेलेला नाही, तमक्याच्या घरी दवाखाना चाललाय. तो थांबायचा. काही ठिकाणी एकाच वायरीला जोड देऊन शेजारी शेजारी दोन घरं चालायची आणि तो बघून न बघितल्यासारखं करायचा. कारण वरच्या कंपनीला आणि कर खात्यालाही तो कनेक्शन कमीच दाखवायचा. हे देशभर चालायचं आणि डिजिटल पेटी सक्तीची करण्यामागचं ते एक मोठं कारण होतं.

पेटी टप्प्याटप्प्याने आली. मुंबईत २०१२ च्या शेवटी, पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ३१ मार्च २०१३ ची मुदत. आपण चौथ्या टप्प्यात. ग्रामीण भागाला ३१ डिसेंबर २०१६ ची मुदत होती, ती पुढे ३१ मार्च २०१७ केली. त्या दिवसापासून प्रत्येक घर मोजलं जायला लागलं. पेटीचा नंबर वर कंपनीच्या संगणकात, पैसे नाही भरले तर वरूनच बंद. वजनदार घराची फुकटेगिरी गेली हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर गरिबाची उधारीही गेली.

१५३ रुपये ४० पैसे

मग १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी पद्धत आली. ट्राय म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाचे दर-नियम ठरवणारी सरकारी संस्था. आधी जोडणीचा स्थिर आकार, १०० वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यापुढे ज्या पैशाच्या वाहिन्या हव्या त्यांचे वेगळे पैसे. पुढच्याच वर्षी १३० रुपयांत २०० वाहिन्या द्यायच्या असा बदल झाला.

"जे बघाल त्याचेच पैसे" हे ऐकायला बरं वाटलं. पण बघा, १५३ रुपये ४० पैसे हे बंगल्यालाही तेवढेच आणि भातलावणीला जाणाऱ्या बाईच्या घरालाही तेवढेच. त्यावर मराठी मालिका, एखादी सिनेमाची वाहिनी, क्रिकेट घेतलं की बिल तीनशेच्या आसपास जातं. पगारदाराला ते कळत पण नाही. मजुराच्या घरात ती एका दिवसाच्या मजुरीच्या आसपासची रक्कम आहे, आणि पावसाळा संपला की मजुरीचा रोज दिवस मिळेलच असं नाही.

इथं उत्पन्न किती यापेक्षा ते कधी येतं याला जास्त महत्त्व आहे. कंपनीतल्या पगाराला तारीख असते, केबलच्या बिलालाही असते. त्या दोघांचं जमतं. आमचं शेतकऱ्याचं तसं नाही. इंद्रायणी विकली की एकदम पैसे येतात आणि मग थेट पुढच्या सुगीपर्यंत हात आखडता. म्हणून शेतीवाल्या बऱ्याच घरांनी वर्षाचा रिचार्ज एकदम मारता येतो म्हणून खासगी डिश घेतली. खातं भरलेलं असेल तेव्हा भरून टाकायचं. मीही तेच केलं होतं. जुलैच्या पावसात आठ-आठ दिवस चित्र गोठायचं आणि कंपनीचा माणूस फोनवर "मौसम ठीक होने दीजिए" म्हणायचा, ते वेगळं. डिशचा सिग्नल जोराच्या पावसात अडतोच, हे घेताना कुणी सांगत नाही. ताम्हिणीकडून ढग आले की आमचा टीव्ही मुका.

ज्याला महिन्याचंही जमत नाही आणि वर्षाचंही नाही, त्याच्यासाठी दूरदर्शनची मोफत डिश. ती डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली, आता डीडी फ्री डिश म्हणतात. एकदाच दीड-दोन हजार घालायचे, पुढे बिल नाही. पण तिथं कुठल्या खासगी वाहिन्या दिसायच्या हे लिलावावर ठरतं. म्हणून आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या मोफत हिंदी वाहिन्या तिथून गेल्या, २०२० मध्ये परत आल्या, २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. ज्यांच्या जीवावर त्या मोठ्या झाल्या त्या प्रेक्षकाला कुणी विचारलं नाही.

वायर कुठपर्यंत येते

पैसे असूनही केबल न मिळणारी घरं आहेत. हिशेब सोपा आहे. फायबर ओढायला, सिग्नल वाढवायची यंत्रं बसवायला खर्च मीटरवर येतो आणि पैसे घरावर मिळतात. दाट वस्ती असेल तर एका खांबावरून दहा घरं होतात. डोंगराच्या कडेला दीड किलोमीटरवर सहा घरांची वाडी असेल तर केबलवाला जाणारच नाही. आपल्याकडे अशा कडेच्या वाड्यांत राहतं कोण? धनगर, ठाकर, कातकरी. म्हणजे समाजात जे कडेला, ते वायरीच्याही कडेला. कुणी ठरवून केलंय असं मी म्हणणार नाही, पण होतं तसंच.

देशाचा आकडाही हेच सांगतो. २०११ च्या जनगणनेत शहरातल्या ७६.७ टक्के घरांत टीव्ही होता, खेड्यात ३३.४ टक्के. केबल त्याच्याही पुढची पायरी.

यावर एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली इथली माहिती तपासली. त्यांच्यापुढे पहिली अडचण हीच होती, की केबल आधी सुधारलेल्या गावातच जाते, मग फरक केबलमुळे पडला की पैशामुळे? म्हणून त्यांनी तीच गावं केबल येण्याआधी आणि आल्यानंतर पाहिली. केबल आल्यावर बायका "नवऱ्याने मारलं तर चालतं" असं कमी म्हणायला लागल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरच्या निर्णयात त्यांचा शब्द वाढला. मालिकांना नावं ठेवणाऱ्या आम्हा पुरुषांनी हे वाचून जरा गप्प बसावं.

तुमचं घर कुठल्या खान्यात?

टीआरपी मोजणारी बार्क संस्था घरांची वर्गवारी कशी करते हे पुष्कळांना माहीत नाही. २०११ मध्ये ठरलेल्या पद्धतीत दोनच गोष्टी बघतात. घरातला मुख्य कमावता किती शिकलाय आणि ११ वस्तूंपैकी किती घरात आहेत. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, चारचाकी, एसी आणि स्वतःची शेतजमीन. मी मोजलं, माझे सात भरले. गंमत म्हणजे शेतजमीन असली की एक खूण, मग ती वीस एकर असो की दोन गुंठे. आणि आपल्याकडे ज्याने जमीन विकून बंगला बांधला, त्याची ती खूण गेली पण बाकीच्या तीन वाढल्या.

ही उठाठेव कशाला? जाहिरातदाराला कळावं म्हणून, की साबण कुणाला दाखवायचा आणि गाडी कुणाला. २०१५ मध्ये बार्कने खेड्यांतही मीटर बसवले, त्यानंतर गावातला गरीब प्रेक्षकही मोजला जायला लागला.

आता वरचे लोक निघालेत

आजची स्थिती अशी, की केबल ना सगळ्यात गरीब घरात, ना सगळ्यात श्रीमंत घरात. ती मधल्यांकडे टिकून आहे. वरच्यांकडे वायफाय आणि स्मार्ट टीव्ही. चाळीतल्या कामगार पोराकडे टीव्हीच नाही. तो आज इथं, सहा महिन्यांनी चाकणला. पेटी कुठे घेऊन फिरणार? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर त्याचा टीव्ही खिशात गेला. डिशच्या पैसे भरणाऱ्या घरांचा देशातला आकडा २०२० मध्ये ७ कोटींच्या आसपास होता, तो २०२५ मध्ये ६ कोटींच्या खाली आला.

पण मोबाईल एकट्याचा असतो, टीव्ही घराचा. लॉकडाऊनमध्ये जुलै २०२० पासून सह्याद्रीवर पहिली ते आठवीच्या पोरांसाठी 'टिली मिली' लागायचं. ज्या घरी एकच फोन आणि तोही बापाबरोबर कामावर, तिथं पोरांची शाळा या टीव्हीवरच झाली. सह्याद्री केबललाही आणि मोफत डिशलाही असते, म्हणून ते जमलं.

आता त्या वाचकाच्या प्रश्नाकडे. घरात कोण काय बघतं ते आधी आठवडाभर लिहून काढा. केबलवाल्याने तयार पॅकेज पुढे केलं तरी एकेक वाहिनी निवडण्याचा हक्क तुम्हाला आहे, दरपत्रक मागा. जुलै २०२४ पासून जोडणीच्या आकारावरची सरकारी मर्यादा उठली आहे, त्यामुळे चालकाप्रमाणे दर बदलू शकतो. दोन ठिकाणी विचारा. दुसरा टीव्ही असेल तर त्याला पूर्ण आकार लावलाय का बघा. बातम्या, जुने सिनेमे, सह्याद्री एवढ्यावर भागत असेल तर मोफत डिश पुरे. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर बिल भरणाऱ्याने नव्हे, बघणाऱ्याने ठरवावं.

हे शेवटचं सांगण्याला कारण आहे. आमच्या ओळखीच्या एका आजीची केबल भोसरीला राहणाऱ्या मुलाने बंद केली, "तीनशे रुपये कशाला" म्हणून, आणि मोफत डिश लावून दिली. आजी रोज बघायची ती एक मालिका त्यात नाही. मुलाला ती काही बोलली नाही. रोज रात्री आठ वाजता काठी घेऊन ती रस्त्यापलीकडे जाते, एका घरी मालिका बघते. ते घर त्या रंगीत टीव्हीवाल्याचं आहे, खिडकीच्या गजाला धरून उभा राहायचा त्याचं. आजीसाठी तो खुर्ची पंख्याखाली ठेवतो.