ठाणें एका रात्रींत, वसई दोन वर्षांनीं

अंधेरी, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस, आपलें बिऱ्हाड एका जुन्या रणभूमीवर आहे, याची आठवण क्वचितच होत असेल. हीं सर्व गांवें ज्या साष्टी बेटांत मोडतात, त्या बेटासाठीं व पलीकडील वसईसाठीं मराठे आणि पोर्तुगीज १७३७ पासून १७३९ पर्यंत झुंजले. त्या मोहिमेचा आरंभ जितका वेगवान, तितकाच तिचा पुढील मार्ग रखडलेला. आणि आम्हांस ती विचार करण्याजोगी वाटते ती याच कारणानें.

१७३७ च्या उन्हाळ्याच्या तोंडीं बाजीराव पेशव्यांचे बंधु चिमाजी आप्पा यांनीं ही मोहीम उघडली. ठाण्याचा पोर्तुगीज कोट तेव्हां अर्धवट बांधलेला होता. मराठ्यांनीं तो एका रात्रींत घेतला. वांद्रें, वेसावें अशीं कांहीं ठाणीं वगळतां साष्टी बेट लवकरच हातीं आलें. याच धडाक्यांत वसईहि अचानक छापा घालून घ्यावी, असा बेत होता.

तो फसला भूगोलामुळें. वसईच्या कोटास तीन बाजूंनीं समुद्र व खाडी यांचें पाणी. जमिनीची वाट काय ती उत्तरेकडून, आणि त्या अंगास भक्कम तट व बुरूज. मराठी सैन्याचें बळ घोड्याच्या पायांत. पण तटापुढें घोडा काय करणार? शिड्या लावून चढण्याचे प्रयत्न वायां गेले. पोर्तुगिजांस जलमार्गानें रसद मिळत राहिली. १७३८ च्या अखेरीस तर त्यांनींच ठाण्यावर उलट चाल केली. तींत त्यांचा सेनापति पेद्रु द मेलु मारला गेला.

तेव्हां चिमाजी आप्पांनीं घाईचा मार्ग सोडला. १७३९ च्या आरंभीं केळवें-माहीम, तारापूर, वेसावें, भाईंदरजवळील धारावी हीं ठाणीं एकामागून एक घेऊन त्यांनीं वसईच्या नाड्या आवळल्या. तारापुरास बाजी भिवराव रेठरेकर कामास आले. फेब्रुवारींत वसईपुढें मोर्चे लागले. आतां तलवारीपेक्षां कुदळीचें काम अधिक : चर खणावयाचे, आडोसे रचावयाचे, तटाखालीं सुरुंग न्यावयाचे, आणि हें सारें वरून मारा चालू असतां. मार्चमध्यें नादिरशहा दिल्ली लुटीत होता, तरी एवढी मोठी फौज या चिंचोळ्या जागीं गुंतून पडली होती. मे महिन्यांत सुरुंग उडाले. एकानें तटास खिंडार पडलें. दुसरा उशिरां उडून चढणाऱ्या आपल्याच लोकांवर कोसळला. तरीहि हल्ले चालूच राहिले व अखेर पोर्तुगिजांनीं कौल मागितला. त्यांस बायकामुलांसह मानानें जाऊं दिलें, ही गोष्ट विजेत्यांस भूषणावह होय. या वेढ्यांत मराठ्यांचीं पांच हजारांवर माणसें जायां झालीं, असें ग्रांट डफच्या इतिहासांत नमूद आहे.

१७५ वर्षांनीं युरोपांतहि हेंच घडलें. १९१४ सालीं सुमारें सहा आठवड्यांत फ्रान्सचा निकाल लावूं, असें जर्मन सेनापति मानीत होते. सप्टेंबरांत मार्न नदीपाशीं ते अडले, आणि स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून उत्तर समुद्रापर्यंत खंदकांची रांग पसरली. ती कोंडी फुटण्यास १९१८ उजाडलें. दोन्हीं ठिकाणीं चूक एकच. शत्रूच्या गाफिलपणावर रचलेला बेत पहिल्या दिवशीं फळतो. पण शत्रु गाफील एकदांच सांपडतो.

आणि एवढ्या मोलानें मिळविलेली साष्टी? मुंबईंत बसून दोघांची झीज पाहणाऱ्या इंग्रजांनीं १७७४ च्या अखेरीस ठाणें घेतलें, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती कायमची त्यांची झाली. सुटीच्या दिवशीं मुलांस वसईचा कोट दाखविण्यास जरूर न्यावें. विजयाची कथा तर सांगावीच. पण उत्तरेकडील तटासमोर क्षणभर उभें करून, या मातींत जे राहिले त्यांचीहि आठवण द्यावी.